एक टन वजन आणि दोन किलो कापड

कोल्हापूरच्या फौंड्रीत लोखंडापेक्षा वाळूची उलाढाल मोठी असते. एक टन कास्टिंग हाती यायला साच्यांसाठी साधारण चार-पाच टन वाळू फिरवावी लागते. त्यातली बरीचशी पुन्हा पुन्हा वापरली जाते, तरी नव्या वाळूची भर घालावीच लागते. ही सिलिका वाळू मुख्यतः सिंधुदुर्गातल्या कासार्डे-फोंडाघाट भागातून घाट चढून वर येते. वाळूला चिकटपणा देणारे बेंटोनाइट कच्छकडून येते. त्यात कोळशाची भुकटी मिसळावी लागते. भट्टीत फेरोसिलिकॉन आणि कार्बन टाकावा लागतो, भट्टीच्या अस्तरासाठी रॅमिंग मास लागतो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत मिळून जिल्ह्यात लहानमोठ्या अडीचशे-तीनशे फौंड्र्या आहेत. त्यांच्या दारात हा सगळा माल ट्रकमधून उतरतो. इथल्या कास्टिंगच्या दर्जाबद्दल आपण अभिमानाने बोलतो आणि तो अभिमान रास्तही आहे. माल दारात उतरतो कसा, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

वर्षानुवर्षे तो पन्नास किलोच्या पोत्यांतून, हमालाच्या पाठीवरून उतरला. आता अनेक ठिकाणी त्याच ट्रकमध्ये पांढऱ्या, चौकोनी, चार लूपच्या मोठ्या पिशव्या दिसतात. हायड्रा क्रेन किंवा फोर्कलिफ्ट येते, लूप आकड्यात अडकवते आणि एका झटक्यात एक टन माल खाली ठेवते. हीच जंबो बॅग. वीस टनांच्या गाडीत पन्नास किलोची चारशे पोती मावतात, जंबो बॅगा लागतात फक्त वीस. चारशे वेळा वाकणारी पाठ आणि वीस वेळा हलणारी क्रेन यांतला फरक ज्याने वाराईचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे, काम पाहिले आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही.

पन्नास किलोचा आकडाही सुखासुखी आलेला नाही. एके काळी साखर शंभर किलोच्या तागाच्या पोत्यात भरली जाई आणि ते पोते एक माणूस पाठीवर घेऊन थप्पी लावत असे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली वजनमर्यादेचा करार केला आणि त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा झाला. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पोत्याचे वजन कमी व्हावे म्हणून दीर्घकाळ आवाज उठवला. त्या मागणीमागे मणके झिजलेल्या, गुडघे गेलेल्या हजारो माणसांचे आयुष्य होते. जंबो बॅगेकडे पाहताना हा इतिहास मला विसरता येत नाही. तिने वजन माणसाच्या अंगावरून पूर्णच काढून घेतले, ही तिची सर्वांत मोठी देणगी आहे. पण काढून घेतलेले वजन हवेत, एका कापडावर टांगले गेले. ते कापड ओळखून वापरले नाही तर पाठीवरचे ओझे डोक्यावर येते.

कापड आहे पॉलिप्रॉपिलीनचे. इटलीतल्या जुलिओ नाट्टा यांनी १९५४ साली या प्लॅस्टिकच्या रेणूंची नीट एकसारखी रचना साधली आणि १९६३ साली कार्ल झीग्लर यांच्यासोबत त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हे प्लॅस्टिक पाण्याहून हलके असते आणि सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते. ते वितळवून आधी पातळ पापुद्रा काढतात, त्याच्या दोन-तीन मिलिमीटर रुंद पट्ट्या कापतात आणि त्या पट्ट्या गरम अवस्थेत मूळ लांबीच्या पाच-सहा पट ताणतात. सारी ताकद या ताणण्यात आहे. आधी गुंतून पडलेल्या रेणूंच्या साखळ्या, केस विंचरावेत तशा, एका दिशेने सरळ होतात आणि साधा वाटणारा पापुद्रा लांबीच्या दिशेने कमालीचा चिवट बनतो. आडव्या दिशेने तो हाताने फाडता येतो. म्हणूनच त्याचे विणून कापड करावे लागते. उभ्या पट्ट्या एका दिशेचा ताण घेतात, आडव्या दुसऱ्या दिशेचा.

ताणा-बाण्याची ही गोष्ट कोल्हापूर जिल्ह्याला नवी नाही. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला आणि त्या गावाचे रूपच बदलले. तिथल्या मागावर धोटा डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे धावतो. बॅगेचे कापड बहुधा गोल मागावर विणतात. तिथे सहा-आठ धोटे एकामागून एक वर्तुळात फिरतात आणि कापड अखंड नळीसारखे बाहेर पडते. ते तसेच वापरले तर बॅगेच्या अंगाला उभी शिवण येत नाही. उलट सपाट कापडाचे तुकडे जोडून बॅग केली तर ती अधिक चौकोनी होते, पण शिवणी वाढतात. शिवणीत सुईची भोके पडतात, त्यामुळे तिथली ताकद अखंड कापडाहून कमीच असते. बॅगेचा खरा कस लागतो तो लूप जिथे अंगाला शिवलेला असतो त्या वीतभर जागेत. बॅग घेताना बोटांनी चाचपावी ती हीच जागा.

दुसऱ्या महायुद्धानंतर अशा मोठ्या पिशव्या रबर किंवा पीव्हीसी चढवलेल्या जड कापडाच्या करत. त्या महाग होत्या, म्हणून त्या धुऊन पुन्हा पुन्हा वापराव्या लागत. विणलेले पॉलिप्रॉपिलीन आल्यावर वजन आणि किंमत दोन्ही उतरले. १९७० च्या दशकात तेलाच्या पैशावर आखाती देशांत बांधकामांचा धडाका उठला, तेव्हा युरोपातून जहाजे भरभरून सिमेंट या पिशव्यांतून गेले आणि जंबो बॅग जगभर पोहोचली. आज भारत या बॅगांचा मोठा निर्यातदार आहे.

रिकामी बॅग दीड-दोन किलोंची असते आणि ती टनभर वजन उचलते, म्हणजे स्वतःच्या पाचशे पट. यावर विश्वास कसा ठेवायचा, याचे उत्तर बॅगेला शिवलेल्या लेबलवर असते. तिथे सुरक्षित कार्यभार लिहिलेला असतो, समजा १,००० किलो, आणि त्याशेजारी ५:१ किंवा ६:१ असे गुणोत्तर. ५:१ म्हणजे या बनावटीची बॅग चाचणीत पाच टन ताण सोसून दाखवते. ही बॅग एकदाच भरून एकदाच रिकामी करायची असते. ६:१ ची बॅग ठरावीक वेळा पुन्हा वापरता येते, अर्थात दरवेळी तपासून. पाचपट ताकद आहे म्हणून दीड टन भरायला हरकत नाही, हा समज मात्र घातक आहे. क्रेनचा झटका, खड्ड्यावरून जाताना बसलेला हिसका, उन्हाने आलेला अशक्तपणा, एका लूपवर जास्त पडलेला भार, एवढ्या साऱ्याची तरतूद त्या पाचपटीत केलेली असते. ती आधीच वजनात खर्च केली तर हिसक्यासाठी काही उरत नाही.

लेबल फक्त वजन सांगते, आकाराचा हिशेब आपल्यालाच करावा लागतो, आणि इथे खरेदीत हमखास चूक होते. तळ ९० बाय ९० सेंटिमीटरचा धरा. कोरडी सिलिका वाळू एका घनमीटरला साधारण दीड टनाहून थोडी जास्त भरते, म्हणून एक टन वाळूला सुमारे ८० सेंटिमीटर उंची पुरते. साखर घनमीटरला साधारण ८५० किलो भरते, तिला जवळपास १४५ सेंटिमीटर लागतात. कोळशाची भुकटी ६०० किलोच्या आसपास धरली तर एक टनाची उंची दोन मीटरच्या पुढे जाते. भरलेल्या बॅगेची उंची तळाच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त नसावी, असा जगभरचा संकेत आहे. त्यापुढे ती डगमगते, कलंडते. म्हणजे त्याच तळाच्या बॅगेत कोळशाची भुकटी टनभर भरूच नये, साडेआठशे किलोंच्या आसपास थांबावे. प्रत्येक मालाचे घनमीटरचे वजन माहीत असणे ही खरेदी विभागाची पहिली गरज आहे. ते मोजायला एक बादली आणि वजनकाटा पुरतो.

भरल्यावर बॅग फुगते आणि तिचा चौकोन गोल होऊ लागतो. मग ट्रकच्या हौद्यात दोन बॅगांमध्ये मोकळी जागा वाया जाते. हे टाळायला आतल्या चार कोपऱ्यांत भोके असलेल्या कापडी भिंती शिवतात. माल भोकांतून कोपऱ्यात जातो, भिंती फुगवटा धरून ठेवतात आणि बॅग खोक्यासारखी उभी राहते. गोदामाचे भाडे जिथे जास्त किंवा कंटेनर भरून माल परदेशी पाठवायचा तिथे हा जादा खर्च सार्थकी लागतो. शेजारच्या फौंड्रीला वाळू द्यायची असेल तर गरज नाही.

आता उचलण्याविषयी. चारही लूप एकाच वेळी अडकले पाहिजेत आणि शक्यतो सरळ उभे राहिले पाहिजेत. हायड्राच्या एकाच आकड्यात चारी लूप कोंबले की ते तिरपे ओढले जातात आणि शिवणीवर आडवा ताण येतो. यासाठी चार आकड्यांची चौकट वापरावी. वर्कशॉपमध्ये ती सहज वेल्ड करून होते, असे अनेकांना वाटते, पण त्या चौकटीचीही भारचाचणी करून घेतली पाहिजे. फोर्कलिफ्टच्या काट्यांच्या कडा धारदार असतात. त्या गोल केलेल्या हव्यात किंवा त्यांवर नळी चढवलेली हवी, नाहीतर लूप हळूहळू कापला जातो आणि कापला गेल्याचे कोणाला दिसत नाही. लूप अडकवायला दुसरा माणूस बॅगेवर चढत असेल, तर कोपऱ्यांवर ताठ उभे राहणारे लूप असलेली बॅग मागवावी. मग चालक एकटा काटे घालू शकतो. टांगलेल्या बॅगेखाली कोणी जायचे नाही, हात घालायचा नाही, दोन क्षणांसाठीही नाही.

नेमका हाच नियम रिकामे करताना मोडतो. बॅग हॉपरवर टांगलेली असते, खालच्या तोंडाची दोरी सोडायची असते, आणि माणूस सरळ खाली वाकतो. कधी खालचे तोंड नसलेली स्वस्त बॅग आलेली असते, मग तळाला चाकू लावला जातो. बॅग वाया जाते, तुटलेल्या पट्ट्यांचे तुकडे वाळूत मिसळून चाळणीत अडकतात, आणि माल एकदम कोसळतो. यावर उपाय म्हणजे रिकामे करण्याचा स्टँड. बॅग लोखंडी चौकटीवर टेकते, तोंड बाजूच्या झडपेतून हात घालून सोडता येते आणि प्रवाह हवा तेव्हा थांबवता येतो. आपल्या लहान फौंड्र्यांनी भट्टीत, मोल्डिंग लाइनमध्ये मोठी गुंतवणूक केली. त्या मानाने किरकोळ खर्चाचा हा स्टँड पुष्कळ ठिकाणी नसतो, याचे मला वाईट वाटते.

स्टँडला धूळ ओढून घेणारी व्यवस्थाही जोडलेली हवी. सिलिकाची अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात खोल जाते आणि सिलिकोसिस होतो. या आजारावर बरे करणारे औषध नाही. बॅग झटकून शेवटचा किलो काढण्याची सवय, किंवा रिकामी बॅग घडी घालताना तिच्यातली हवा दाबून बाहेर काढणे, या दोन गोष्टींनी कामगाराच्या तोंडासमोर सर्वांत वाईट धूळ उडते. तोंडाला रुमाल बांधून ती थांबत नाही.

धुळीचा दुसरा धोका आगीचा. माल वेगाने बाहेर पडताना प्लॅस्टिकच्या कापडाशी घासतो आणि स्थिर वीज साठते. वाळू, बेंटोनाइट पेटत नाहीत, त्यांना साधी बॅग, म्हणजे टाइप ए, चालते. कोळशाची भुकटी आणि साखरेची धूळ पेटते, त्यांना ती चालत नाही. टाइप बी चे कापड मोठी ठिणगी टिकू देत नाही. टाइप सी मध्ये वीजवाहक धागे विणलेले असतात आणि ती वापरताना जमिनीशी तारेने जोडावीच लागते. टाइप डी ला तार जोडावी लागत नाही, ती साठलेली वीज हळूहळू हवेत सोडते. एक गोष्ट फौंड्रीवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. वाळू स्वतः पेटत नसली तरी कोअर शॉपमध्ये अल्कोहोल मिसळलेले कोटिंग लावत असतील, तर तिथल्या हवेत पेटणारी वाफ असते. त्या वाफेजवळ वाळूची साधी बॅग रिकामी करणेही धोक्याचे आहे. बॅग निवडताना आतल्या मालाइतकाच भोवतालच्या हवेचा विचार करावा लागतो.

साखर स्फोट करते हे अनेकांना खरे वाटत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या इंपीरियल शुगर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट झाला आणि १४ कामगार दगावले. तिथले कारण जंबो बॅग नव्हते, साखर वाहून नेणाऱ्या बंदिस्त पट्ट्यात साचलेली धूळ हे होते. पण साखर कारखान्यांनी भरलेल्या आपल्या जिल्ह्यात पॅकिंग हाउसच्या तुळयांवर साचलेल्या पांढऱ्या थराकडे कसे पाहावे, हे त्या घटनेने शिकवले आहे.

साखर कारखान्यांत जंबो बॅग अजून तुरळक आहे आणि त्याला कारणे आहेत. हंगाम सुरू झाला की पहिल्या पोत्यांचे पूजन होते, पुढे लाखाच्या टप्प्याला पुन्हा होते. सारा हिशेब, तारण, विक्री पोत्यांत चालते. ही साखर शेवटी किराणा दुकानात जाते आणि दुकानदाराला टनभराची पिशवी घेऊन काय करायचे? शिवाय १९८७ च्या ताग पॅकेजिंग कायद्याखाली साखरेचा २० टक्के भाग तागाच्या पोत्यांत भरण्याचे बंधन सरकारने घातले आहे. ते पूर्वेकडच्या ताग शेतकऱ्यांसाठी आहे आणि मला ते योग्य वाटते. बिस्किटे, शीतपेये, औषधे बनवणाऱ्या कारखान्यांना मात्र शुद्ध साखर टनावारी लागते. तिथे आतून पातळ पॉलिथिनची पिशवी घातलेली जंबो बॅग सोयीची ठरते. ही आतली पिशवी नसेल तर साखर हवेतली ओल घेते आणि तळाशी दगड होते.

ओलीचा प्रश्न फौंड्रीत याहून गंभीर आहे. विणलेल्या कापडातून पाणी आत जाते. जून ते सप्टेंबर इथे पाऊस हटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद होता, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. फेरोसिलिकॉनची किंवा कार्बनची बॅग उघड्यावर भिजली आणि तो माल तसाच वितळलेल्या लोखंडात पडला, तर पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा लागते आणि भट्टीतले लोखंड बाहेर उसळते. म्हणून भट्टीत जाणाऱ्या मालाच्या बॅगा लॅमिनेटेड आणि आतल्या पिशवीसह घ्याव्यात, लाकडी पॅलेटवर, छपराखाली ठेवाव्यात, आणि शंका आली तर माल आधी तापवून सुकवावा. छप्पर उन्हासाठीही हवे. सूर्याच्या अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तुटतात. कापडात त्याविरुद्ध रसायन मिसळलेले असते, तरी त्याचे आयुष्य मर्यादित असते. बॅगेवर नख ओढल्यावर पांढरी पूड निघाली तर ती पुन्हा उचलायला वापरू नये.

यात हमालाचे काय होते, हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. वीस बॅगा उतरवायला पूर्वीची टोळी लागत नाही, आणि वाराईवर जगणारी घरे या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. पाठीवरचे ओझे जावे आणि रोजगारही जावा, हा न्याय नाही. लूप अडकवणे, खुणा देऊन क्रेन चालवून घेणे, बॅग तपासणे, फोर्कलिफ्ट चालवणे ही कौशल्याची कामे आहेत. मालाच्या वजनाचा, त्याच्या तोलाचा अंदाज ज्यांना आयुष्यभर आहे त्या माथाडींनाच ती शिकवून, माथाडी मंडळाच्या नोंदणीत ठेवून द्यावीत. यंत्र घेताना त्या खर्चात हे प्रशिक्षण धरले गेले पाहिजे.

रिकाम्या झालेल्या बॅगेचे पुढे काय होते? काही भंगारात जाऊन वितळतात. पॉलिप्रॉपिलीनचे दाणे पुन्हा करता येतात, फक्त आतली पॉलिथिनची पिशवी वेगळी काढावी लागते. बऱ्याच मात्र बाजारात सेकंडहँड विकल्या जातात आणि शेतापर्यंत पोहोचतात. कारण कोल्हापुरात जंबो बॅगेचा आणखी एक मोठा वापर आहे, तो म्हणजे मुरघास, आंबवून टिकवलेला हिरवा चारा. १९६३ साली स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघाने इथली दुभती जनावरे आणि हिरव्या चाऱ्याची गरज दोन्ही वाढवली. मका दाणे चिकात असताना कापायचा, दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी करायची, आतली पिशवी असलेल्या पाचशे किलो किंवा टनाच्या बॅगेत थराथराने पायाने दाबून हवा काढायची आणि तोंड घट्ट बांधायचे. हवा नसेल तर आंबट करणारे जिवाणू वाढतात, आम्लता चढते आणि चारा कुजत नाही. दीड महिन्याने बॅग उघडता येते. पूर्वी यासाठी खड्डा खणून बांधून घ्यावा लागे, जे दोन म्हशींच्या मालकाला परवडत नसे. बॅगेने मुरघास त्याच्या गोठ्यापर्यंत आणला.

त्यासाठी बॅग नवीन आणि चाऱ्यासाठीच बनवलेली घ्यावी. फौंड्रीतून आलेल्या बॅगेत रेझिन लावलेली वाळू, कोळसा किंवा रसायन भरलेले असू शकते, आणि कितीही धुतली तरी विणीत अडकलेले कण निघत नाहीत. मुरघासातले आम्ल त्यांना सुटे करते आणि ते जनावराच्या पोटात जाऊ शकतात, तिथून दुधात. जुनी बॅग स्वस्त मिळाली तर तिच्यात शेणखत भरावे, विटांचे तुकडे भरावेत, बांधाला आधार म्हणून माती भरून ठेवावी. आणि भरलेला मुरघास क्रेनने उचलायचा विचार असेल तर आधी लेबल पाहावे. चाऱ्याच्या अनेक बॅगा जागेवरच भरून तिथेच रिकाम्या करण्यासाठी शिवलेल्या असतात, त्यांचे लूप फक्त भरताना तोंड उघडे धरण्यासाठी दिलेले असतात.